शेवटच्या दोन मिनिटांचा चाकान

"वायफाय गेलं की काय? करिष्मा, अगं बघ की! सहा चोवीस झाले!"

पप्पा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून टीव्हीच्या मागची वायर हलवत होते. अंगात निळी जर्सी, खाली घरातली हाफ पॅंट. जर्सी सोळा वर्षांपूर्वीची, पोट आत्ताचं. त्यामुळे छातीवरचा हातोडा ताणून ताणून कुऱ्हाडीसारखा दिसत होता.

"पप्पा, वायरला हात लावू नका. मोबाइलवरून जोडायचंय ते." माझ्या एका हातात मोबाइल, कडेवर इंद्रायणी. आमची इंदू नऊ महिन्यांची. माझ्या केसांची बट मुठीत धरून तिला मोबाइल खायचा होता.

"मग जोड की! साडेसहाला सुरू म्हणजे साडेसहाला सुरू. जर्मन लोक आहेत ते."

"लाव बाई लाव," मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज शेवटचा दिवस ना त्या सवतीचा? सोळा वर्षं नांदवली मी या घरात. आज वाटेला लागली की पेढे वाटते."

मम्मीची सवत म्हणजे हाइडेनब्रुक हॅमर्स. जर्मनीतल्या एका छोट्या गावाचा बास्केटबॉल क्लब. चिखलीतल्या आमच्या गल्लीत तुम्ही कुणालाही विचारलंत, तर जर्मनी कुठे आहे हे कदाचित सांगता येणार नाही, पण हॅमर्स काल जिंकले की हरले ते किराणावाला ज्ञानेशसुद्धा सांगेल. पप्पा सकाळी दूध आणायला गेले की तो आधी चेहरा बघतो आणि मग विचारतो, "काका, हातोडा चालला का?"

आज हातोड्याचा शेवटचा सामना होता. क्लबचं लायसन्स पुढच्या सीझनला मिळणार नव्हतं. क्लब बंद होत होता.

टीव्हीवर गोल फिरलं, फिरलं, आणि एकदम उजेड! लाकडी फरशी, पिवळे दिवे, बाकांवर दाटीवाटीने बसलेले निळे लोक.

"आला! आला!" पप्पा स्टुलावरून असे उतरले की स्टूल डुगडुगलं. त्याही घाईत त्यांनी वाकून पाय बघितला, खिशातून वॉशर काढला आणि स्टुलाच्या पायाखाली सरकवला. हे त्यांचं आयुष्यभराचं. घरात काहीही डुगडुगलेलं त्यांना चालत नाही. कपाट, पलंग, इंदूचा पाळणा, सगळ्याखाली वॉशर आहेत. बेअरिंगच्या रिंगा ग्राइंडिंग करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची वीस चाकणच्या जर्मन कंपनीत. केसाच्या जाडीचा विसावा भाग इकडेतिकडे झाला तर रिंग बाद. असा माणूस डुगडुगणाऱ्या स्टुलावर मॅच बघेल कसा?

"ती बघ, शाळेची जिम! तीच! मी बसलो होतो ना, ती डावीकडची तिसरी रांग. डिटर बघ, डिटर!"

तिसऱ्या रांगेत एक पांढऱ्या मिशांचा उंच म्हातारा गळ्यात ढोल अडकवून उभा होता. डिटर हा पप्पांचा जर्मनीतला ट्रेनर. २०१० च्या जानेवारीत कंपनीने नवीन मशीन शिकायला पाच जणांना तीन महिने हाइडेनब्रुकला पाठवलं, तेव्हाचा. माझी दहावीची परीक्षा होती आणि पप्पा बर्फात. डिटर फार बोलायचा नाही. रिंग मोजायचा, बाजूला ठेवायचा, दुसरी मोजायचा. अगदी मापात आली की एकच शब्द: "गेनाउ." बरोब्बर. तीन महिन्यांत पप्पांना चार वेळा गेनाउ मिळालं. त्या चारही तारखा त्यांना पाठ आहेत. तिकडून येताना त्यांनी एक जर्सी, दोन किलो चॉकलेट आणि तो शब्द आणला. भाकरी गोल झाली, गेनाउ. इंदूच्या आंघोळीचं पाणी कोमट झालं, गेनाउ. माझं लग्न ठरताना सुजितला पहिल्यांदा बघून पप्पा म्हणाले होते, "ठीक आहे." गेनाउ व्हायला जावयाला तीन वर्षं लागली.

दारावर थाप पडली. सोपानराव. एका हातात करवंदांनी भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात हेल्मेट.

"चालू झालं व्हय? मोशीच्या चौकात आर्धा तास ग्येला बगा. वैनी, करवंदं धुवून आनल्यात. कुटं हाय आमची नात?"

सोपानराव चाकणजवळच्याच गावचे. त्यांच्या जमिनीवर कंपन्या झाल्या आणि ते त्यातल्याच एका कंपनीत नोकरीला लागले. पप्पांच्या शेजारच्या मशीनवर. बर्फातल्या त्या पाच जणांत तेही होते. बाकीचे तिघे परत आल्यावर बास्केटबॉल विसरले. हे दोघे विसरले नाहीत.

"बसा, सोपानराव. चार-शून्य झालंय," पप्पा म्हणाले.

"चार-शून्य? आपल्या बाजूनी?"

"मग काय!"

काय चढते दिवस पाहिलेत या दोघांनी त्या क्लबचे! पप्पा तिथे होते तेव्हा हॅमर्स तिसऱ्या लीगमध्ये, शाळेच्या या जिममध्ये खेळायचे. दोन वर्षांत दुसऱ्या लीगमध्ये गेले. पप्पांनी सेकंड शिफ्टला सगळ्यांना समोसे दिले. २०१५ ला पहिल्या लीगमध्ये! साडेचार हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम, छातीवर आमच्या कंपनीचं नाव. २०१७ ला कप जिंकला त्या दिवशी पप्पा आणि सोपानराव, सत्तावन्न आणि एकावन्न वर्षांचे दोन बाप्ये, चाकणच्या चौकात मोटरसायकलवर निळा झेंडा लावून फिरले. लोकांना वाटलं, निवडणुकीचा कुठला तरी नवीन पक्ष आला.

आणि मग उतरण. कंपनीने हाइडेनब्रुकचा कारखानाच बंद केला. तिथली ग्राइंडिंगची अख्खी लाइन कंटेनरमध्ये भरून चाकणला आली. बसवायला कोण? पप्पा. एका मशीनच्या दारावर हातोड्याचा स्टिकर तसाच चिकटलेला होता. सुपरवायझर विक्की म्हणाला, "काका, खरवडून टाका, ऑडिट आहे." पप्पांनी त्यावर सेफ्टीची सूचना असलेला कागद चिकटवला. वरच्या दोनच कडांना. खालून उचललं की हातोडा दिसायचा. रिटायर होईपर्यंत रोज शिफ्ट सुरू करताना ते तो कागद उचलून बघायचे, हे मला सोपानरावांनी सांगितलंय.

"त्यांचं काम आपल्याकडं आलं गं," पप्पा एकदा मला म्हणाले होते. "मशीन आलं, पगार आला. डिटर घरी बसला. आणि तरी तो मला दर सामन्याचा स्कोअर पाठवतो."

कारखाना गेला तसं छातीवरचं नाव गेलं, मग मोठे खेळाडू गेले, मग स्टेडियमचं भाडं परवडेना. हॅमर्स खाली घसरत घसरत पुन्हा शाळेच्या जिममध्ये आले. आणि आज तेही संपणार होतं.

पण आज खेळत होते काय! पहिलं क्वार्टर चोवीस-एकोणीस. दुसऱ्यात तर धुमाकूळ! सात नंबरचा एक पोरगेला मुलगा, हातपाय नुसते काड्या, लांबून टाकतोय आणि बॉल जाळीला न शिवता आत. मी बास्केटबॉल कधी नीट बघितला नव्हता. पण इंदूला दूध पाजता पाजता मी पण ओरडले, आणि इंदू दचकून पिणं सोडून टीव्हीकडे बघायला लागली.

"बघलालीस का? बघलालीस का कसं खेळलालेत!" पप्पांची भाषा पार लातूरला पोचली होती. उत्साहात त्यांचं असंच होतं, पुण्याकडची चाळीस वर्षं गळून पडतात.

हाफ टाइमला एक्कावन्न-सदतीस. चौदा पॉइंटने पुढे! मी टाळ्या वाजवल्या. सोपानरावांनी करवंदांची बी खिडकीतून बाहेर उडवली. पप्पांनी मात्र टीव्हीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"चौदा," ते म्हणाले. "चौदा जरा जास्तच झाले."

"जास्त झाले? पप्पा, आपणच पुढे आहोत ना?"

"हो, हो. चांगलंय." त्यांनी जर्सीची कड खाली ओढली. "पण मग चाकान होणार नाही."

चाकान मला माहीत होता. हॅमर्सचे सामने पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. त्यांचा नियमच आहे: शेवटची दोन मिनिटं उरली आणि आपली टीम मागे असली, तरच डिटर ढोलावर एक खास ठेका धरतो. धगधग-तां, धगधग-तां, धग-धग-धग-तां. मग क्षणभर जागा सोडतो. आणि त्या जागेत अख्खं स्टेडियम ओरडतं, "चा-कान!" पुन्हा ठेका, पुन्हा जागा, "चा-कान!" टीम पुढे असताना तो कधीही वाजत नाही. कपच्या फायनलला वाजला होता, तो व्हिडिओ पप्पांनी मला इतक्यांदा दाखवलाय की माझ्या बाळंतपणाच्या कळांमध्येही मला तो ऐकू येत होता. "चाकान का म्हणतात, पप्पा?" असं मी कॉलेजात असताना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "कंपनी आहे ना चाकणला, म्हणून." मी मान डोलावली होती.

"एकदा ऐकायचा होता," पप्पा म्हणाले. "आज नाही वाजला तर परत कधीच नाही."

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!" आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, आणि पाण्याला हाफ टाइम कळत नाही. पप्पा मोटर लावायला जिना उतरून धावले.

सोपानराव दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, तुला खरंच ठावं न्हाई व्हय?"

"काय?"

"त्यो ठेका कुनाचा हाय त्ये."

मी इंदूला खांद्यावर घेऊन तिची पाठ थोपटत होते. हात थांबला.

"आमाला ग्येल्याला आठवडा झाला आसंल," सोपानराव हळू आवाजात सांगू लागले. "डिटरसाहेबानी मॅचला न्येलं. त्यो बर्फावर घसरल्याला, हात प्लास्टरमदी. ढोल वाजवायला कुनी न्हाई. आपली टीम मागं. समदे गप. तुझा बाप उटला. म्हनला, मी वाजवू का? एक जाड काडी घ्येतली. दुसरी बारीक पायजे म्हनला, तर पुढं एक म्हातारी विनकाम करत हुती, तिची सुईच मागून घ्येतली. आन मग..." सोपानरावांनी गुडघ्यावर हात मारला. "अगं, काय वाजिवलं! गोरी गोरी लोकं बाकावर चढली! दोन मिन्टात नऊ पाइंट मारलं आपल्या पोरांनी. जिकलो! मग समदी इचारायला लागली, यू, यू, व्हेअर? ह्यो म्हनला, चाकण. त्यांना वाटलं, ठेक्याचं नाव चाकण. झालं!"

"पण पप्पांना वाजवता..." मी बोलता बोलता थांबले.

कारण मला एकदम कळलं.

आमच्या गावच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, एका खिळ्याला रिकामं गोल कडं टांगलेलं होतं. कातडं नसलेलं. ते हलगीचं. माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे त्यांना वाजवावी लागायची. कुणाची वरात असो, कुणाचं मरण असो, पोळ्याला बैलांच्या पुढे असो. हाक आली की जायचं, आणि परत येताना मिळेल ते शिळं पदरात घ्यायचं. पप्पा आठ वर्षांचे असताना एका पोळ्याला आजोबांनी विळ्याने ते कातडं उभं फाडलं. गावाने सहा महिने त्यांना कुठल्या कामाला बोलावलं नाही. आजोबांनी पप्पांचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "ह्या हातांनी कुणाच्या पुढं वाजवायचं नाही." आमच्या घरात हलगी हा शब्दच कुणी उच्चारत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशे आले की पप्पा सगळ्यांबरोबर उभे राहायचे, पण हात पाठीमागे घट्ट बांधून. मला वाटायचं, पप्पांची उभं राहायची पद्धतच ती.

"परत येताना बर्फातनं चालत हुतो," सोपानराव म्हणाले. "मी इचारलं, ही हलगी हाय ना रं जोतीराम? मी लहानपनापास्नं ऐकलीया. आमच्याच वरातींच्या पुढं." त्यांनी मान खाली घातली. "त्यो जाग्यावर थांबला. म्हनला, सोपानराव, कंपनीत सांगू नका. म्या म्हनलं, न्हाई सांगनार. सोळा वर्सं न्हाई सांगितलं. आज सांगतोय, कारन आज समदंच संपतंय."

"मला माहितीये." स्वयंपाकघराच्या दारात मम्मी उभी होती. पदराला हात पुसत होती. "मला कुणी सांगायला नको. झोपेत बोटं वाजतात त्यांची, माझ्या दंडावर. लग्न झालं तेव्हापासून." आणि मग टीव्हीकडे बघून ती म्हणाली, "सुरू झालं वाटतं. त्यांना हाक मारा."

तिसरं क्वार्टर. आता मी वेगळ्याच डोळ्यांनी बघत होते. डिटरच्या उजव्या हातात जाड काडी होती. डाव्या हातात काहीतरी बारीक, चमकणारं. मी टीव्हीजवळ गेले. विणकामाची सुई! सोळा वर्षं तो माणूस विणकामाची सुई घेऊन ढोल वाजवत होता.

पप्पा ओले पाय घेऊन आले. अडुसष्ट-साठ. हिरव्या जर्सीवाले पाहुणे जवळ येऊ लागले होते. शेवटचं क्वार्टर सुरू झालं आणि आघाडी वितळायला लागली. सहा. चार. एक! एकोणऐंशी-अठ्ठ्याहत्तर.

"मागं पडा रे," पप्पा पुटपुटले. "एकदाच. दोन मिनिटं आहेत नंतर, काढाल तुम्ही भरून..."

"अहो! स्वतःच्याच टीमला शाप देता?" मम्मी आता पलंगाच्या कडेवर बसली होती. सवतीच्या शेवटच्या सामन्याला ती पहिल्यांदा बाहेर येऊन बसली होती.

"शाप नाही गं. विनंती आहे."

एक्क्याऐंशी-एक्क्याऐंशी! बरोबरी! घड्याळात एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद! शाळेची ती जिम उठून उभी राहिली. आम्हीही उठलो. इंदू माझ्या कडेवर उड्या मारायला लागली. डिटरने दोन्ही हात वर घेतले होते, जाड काडी आणि सुई, हवेत. आणि शिट्टी. फाउल. पाहुण्यांना दोन फ्री थ्रो.

"झालं," सोपानराव म्हणाले. "एक जरी ग्येला तरी आपन मागं. वाजनार जोतीराम, आता वाजनार तुझा!"

हिरवा खेळाडू रेषेवर आला. बॉल दोनदा जमिनीवर आपटला. पप्पा टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे. सोळा वर्षं त्यांचा जो ठेका दुसऱ्याच्या हातात वाजत होता, तो वाजायला आता एक बॉल जाळीत पडायचा तेवढा बाकी होता.

त्याने हात उचलला.

"चुक!" पप्पा ओरडले. "चुक रे! चुक!"

बॉल कड्यावर आपटला. गोल फिरला. बाहेर पडला.

"चुकला!" पप्पांनी टीव्हीवरच हात आपटला. "अजून एक! चुक तू! चुक!"

दुसराही चुकला! बॉल आमच्या पोराच्या हातात, पास, पास, सात नंबर, लांबून... आत! चौऱ्याऐंशी-एक्क्याऐंशी! पप्पांनी मला मिठी मारली, इंदूला मिठी मारली, मम्मीला मारायला गेले तर ती "अहो, पोरगी आहे समोर" म्हणत मागे सरकली आणि मग स्वतःच पुढे आली.

"आरं, तुझा ठेका ग्येला की, येड्या!" सोपानराव कपाळाला हात लावून हसत होते.

"जाऊ दे! जिंकलालोत की!"

मागे पडायची वेळ आलीच नाही. ब्याण्णव-पंच्याऐंशी. भोंगा वाजला. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. निवेदक कापऱ्या आवाजात काहीतरी सांगत होता, त्यातलं "डांके" म्हणजे धन्यवाद एवढंच मला कळलं. ते तो खूप वेळा म्हणाला. डिटरने ढोल गळ्यातून काढून बाकावर ठेवला.

पप्पा स्टुलावर बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "गरज पडली नाही."

सोपानरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. आणि का म्हणत नव्हते तेही कळत होतं. त्यांच्या घराण्यातल्या माणसाने माझ्या घराण्यातल्या माणसाला 'वाजव' म्हणायचं, हे पुष्कळ झालं होतं.

सोपानराव उठले. स्वयंपाकघरात गेले. भांडी खडखडली. परत आले ते पिठाची परात आणि लाटणं घेऊन. खाली मांडी घालून बसले, परात उपडी घातली आणि वाजवायला लागले.

देवा रे, काय वाजवत होते! धगधगधग-तां-धग-तांतां-धगधग. पत्र्याच्या शेडवर नारळ पडावेत तसं. इंदूने आधी डोळे मोठे केले, मग खालचा ओठ काढला.

"अहो सोपानराव..." पप्पा म्हणाले.

धगधगधगधग-तां.

"सोपानराव, गेनाउ नाही!"

"नसू दे. मला काय येतंय? मी जल्मात वाजिवली न्हाई."

"जागा! मधे जागा सोडायची असते! तुम्ही नुसतं पळलालाव!"

"कुटं सोडायची? हितं?" तांतांतां.

पप्पांच्या चेहऱ्यावर अशी वेदना होती जशी वाकडी रिंग बघून यायची. बोटं गुडघ्यावर हलायला लागली होती. ते उठले. थांबले. हात मागे गेले, पाठीवर एकमेकांत अडकले. मी त्यांना तसं शंभर वेळा पाहिलं होतं. आज मला बघवेना.

मम्मी उठली. गॅलरीत गेली, खराट्यातली एक लांब, सरळ काडी उपसली, टोक मोडून टाकलं आणि येऊन पप्पांच्या समोर धरली. बारीक काडी.

पप्पांचे हात सुटले.

ते खाली बसले, सोपानरावांच्या समोर. परात ओढून मांडीला तिरकी टेकवली. लाटणं उजव्या हातात, काडी डाव्या. एकदा काडीने कड चाचपली. आणि मग.

धगधग-तां, धगधग-तां, धग-धग-धग-तां.

जागा.

स्टीलच्या परातीतून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. काडी थरथरत होती, लाटणं तिच्या पाठीवर पाय ठेवून उड्या मारत होतं. सहासष्ट वर्षांचे पप्पा आठ वर्षांचे दिसत होते. आणि वाजवत होते ते कुणाच्याही पुढे नाही. सोपानराव त्यांच्या पुढ्यात खाली बसले होते, मांडी घालून, शिकायला बसल्यासारखे.

दुसऱ्या फेरीला जागा आली तेव्हा सोपानराव ओरडले, "चा-कान!" तिसऱ्या फेरीला मी. चौथीला मम्मी, सगळ्यात मोठ्याने. समोरच्या गॅलरीत लोक आले. खालून ज्ञानेश ओरडला, "काका, हातोडा चालला का?" पाचव्या फेरीला जागा आली आणि आम्ही कुणी ओरडायच्या आत इंदू म्हणाली, "ताऽऽ!"

मी पप्पांच्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. पप्पांना न विचारता डिटरला पाठवून दिलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. टीव्हीवर जिम रिकामी होत होती. सोपानराव हेल्मेट घालून निघाले, दारात थांबून पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरले. इंदू माझ्या मांडीवर झोपायला आली तेव्हा मोबाइल थरथरला. एकच शब्द होता. मी तो पप्पांना वाचून दाखवला नाही, नुसता स्क्रीन त्यांच्यापुढे धरला.

Genau.

"पाच झाले," पप्पा म्हणाले, आणि जर्सी काढून घडी घालायला लागले.

सकाळी मी इंदूला घेऊन स्वयंपाकघरात आले तर मम्मी भाकरीचं पीठ मळत होती. परातीच्या बुडाला एका कडेला पोचा पडला होता, ती आता ओट्यावर सपाट बसत नव्हती. मम्मीने तळव्याने रेटलं की इकडे कलायची, सोडलं की तिकडे. टक्. टक्.

पप्पा दूध घेऊन आले. पिशवी ठेवली आणि परातीकडे बघत उभे राहिले. सवयीने हात खिशात गेला, वॉशर बाहेर आला. त्यांनी तो दोन बोटांत धरून थोडा वेळ ते टक् टक् ऐकलं.

मग वॉशर परत खिशात टाकला, आणि दूध तापवायला ठेवलं.